अपमृत्यूची नोंद : गावाच्या वहीत काय लिहावे व का लिहावे

शेतकरी आपल्या हंगामाचा हिशेब ठेवतो. बियाणे किती लागले, खताची पोती किती आली, मजुरी किती गेली, हे त्याला तोंडपाठ असते. परंतु त्याच हंगामात गावातील किती माणसे विहिरीत पडून, तारेला चिकटून, सर्पदंशाने अथवा फवारणीच्या विषाने गेली, याचा हिशेब बहुधा कोणाच्याच वहीत एके ठिकाणी सापडत नाही. दहनाचा किंवा दफनाचा दिवस उलटतो, दहावे-तेरावे होते, आणि ‘त्याची वेळ भरली होती’ एवढ्या वाक्याने प्रकरण मिटते. पुढील वर्षी त्याच शेततळ्यावर किंवा त्याच पंपाच्या पेटीपाशी दुसरा माणूस जातो, तेव्हा पहिल्याची आठवण निघते. पण ती उशिराची असते.

अपघात, दंश, विषबाधा, आत्महत्या किंवा घातपात यांमुळे ओढवणाऱ्या मृत्यूस अपमृत्यू म्हणतात. रोगाने येणाऱ्या मृत्यूहून त्याचे स्वरूप निराळे असते. रोग शरीरात वाढतो व तो ओळखण्यास वैद्य लागतो. अपमृत्यूस मात्र एक जागा असते, एक वेळ असते, एक वस्तू असते आणि बहुधा एक काम असते. या चारही गोष्टी गावातील माणसे डोळ्यांनी पाहू शकतात, व बदलूही शकतात. म्हणूनच अपमृत्यूची नोंद नीट झाली तर तिचा सर्वांत मोठा लाभ गावालाच होतो. ती नोंद कशी करावी, तीत कोणत्या चुका होतात व तिचा उपयोग काय, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

जुन्या वह्या व एका शब्दाची सवय

गावात मृत्यूची नोंद ठेवण्याची रीत नवी नाही. महसुलाच्या गाव नमुन्यांपैकी चौदावा नमुना जन्ममृत्यूच्या नोंदीचा असे. विदर्भात त्या वहीस ‘कोतवाल बुक’ म्हणत. ब्रिटिश अमदानीतील आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालांत पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार यांच्या रकान्यांबरोबर ‘इजा’ असाही एक रकाना असे, आणि त्याच्या पोटात आत्महत्या, अपघात, सर्पदंश व हिंस्र श्वापदे असे भाग पाडलेले असत. पुढे १९६९ मध्ये संसदेने जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. ग्रामपंचायतीच्या हद्दीत नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे असते. २०२४ मध्ये त्याच्या पदास ग्रामपंचायत अधिकारी असे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला.

कायदे बदलले, छापील नमुने बदलले. पण मृत्यूचे कारण एका शब्दात उरकण्याची सवय तशीच राहिली. ‘बुडून’, ‘भाजून’, ‘वीज लागून’, ‘विष’, ‘अपघात’. या शब्दांनी माणूस कसा गेला याचा केवळ भास होतो. बोध होत नाही.

संदिग्ध शब्द व त्यांचे दुष्परिणाम

‘वीज लागून मृत्यू’ ही नोंद घ्या. मराठीत आकाशातून कोसळते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज. पहिलीचा उपाय निराळा : ढग गडगडू लागताच उघडे रान व एकाकी झाड सोडून पक्क्या घरात जाणे, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ ॲपवरील इशारा पाहणे. दुसरीचा उपाय निराळा : पंपाचे अर्थिंग, स्टार्टरची पेटी, लोंबणाऱ्या तारा व कुंपणात बेकायदा सोडलेला प्रवाह यांची तपासणी. नोंदीत ‘वीज’ एवढेच लिहिले तर कोणता उपाय करावा हे कोणासच कळणार नाही. यास्तव ‘आकाशातील वीज अंगावर पडून’ किंवा ‘विजेच्या तारेचा अथवा यंत्राचा धक्का बसून’ असे स्पष्ट लिहावे.

‘औषध’ हा दुसरा शब्द. शेतकऱ्याच्या बोलण्यात फवारणीचे कीटकनाशक हे औषधच असते. ‘औषध पोटात गेले’ या वाक्यातून दवाखान्याचे औषध बाधले, की फवारताना विष अंगावर उडाले, की पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले विष चुकून प्यायले गेले, की जाणूनबुजून घेतले, यांतील काहीच कळत नाही. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या प्रसंगांना स्वतंत्र संकेतांक आहेत. कीटकनाशकाची अपघाती बाधा एक्स ४८ मध्ये, आत्महत्येच्या हेतूने घेतलेले कीटकनाशक एक्स ६८ मध्ये, आणि हेतू ठरविता न आलेली बाधा वाय १८ मध्ये मोजली जाते. संकेतांक देणे हे ग्रामसेवकाचे काम नव्हे. परंतु त्याने ‘औषध’ एवढेच लिहून पाठविले तर वरच्या कार्यालयातील माणूस हा भेद कोठून आणणार?

तिसरा प्रकार सापाचा. रात्री सापाचे नाव घेऊ नये अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. म्हणून ‘पान लागले’, ‘जनावर चावले’, ‘किरडू डसले’ असे बोलले जाते. बोलण्यात त्याला हरकत नाही. पण नोंदीत ‘जनावर चावून’ असे उतरले म्हणजे तो साप होता, पिसाळलेला कुत्रा होता की रानडुक्कर, हे पुढे कोणी सांगू शकत नाही. नोंदीत ‘सर्पदंश’ हाच शब्द लिहावा. साप ओळखला गेला असेल तर नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे असे त्याचे नावही द्यावे. साप ओळखण्यासाठी मात्र कोणी त्याच्या मागे लागू नये.

न मोजलेले सर्पदंश

अपुऱ्या नोंदीने केवढे अनर्थ झाकले जातात याचे उदाहरण सर्पदंशानेच दिले आहे. रुग्णालये व पोलीस ठाणी यांच्या नोंदींवरून देशातील सर्पदंशाचे मृत्यू दीर्घकाळ फार थोडे समजले जात. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतील घरांमध्ये प्रशिक्षित कार्यकर्ते गेले. मृत माणसाचे शेवटचे दिवस कसे गेले हे त्यांनी नातेवाइकांकडून विचारून लिहून घेतले, व डॉक्टरांनी त्या टिपणांवरून मृत्यूचे कारण ठरविले. या कामावर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हे मृत्यू बहुतांशी ग्रामीण भागातील होते, आणि त्यांपैकी निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. म्हणजे हा पेरणी-कोळपणीचा, शेतात राबणाऱ्यांचा मृत्यू होता. आणि रुग्णालयापर्यंत न पोचताच माणूस गेल्यामुळे तो वहीत नव्हता.

यात मण्यार सापाचा भाग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेत दंश करते. दंशाच्या जागी सूज किंवा वेदना फारशी नसते; कधी व्रणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटदुखीने जागा होतो, पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, बोलणे अडखळते, आणि पुढे श्वास बंद पडतो. अशा मृत्यूची नोंद ‘पोटदुखी’ किंवा ‘अकस्मात मृत्यू’ अशी होणे सहज शक्य असते. म्हणून पावसाळ्यात निरोगी माणूस रात्रीतून दगावला तर तो जमिनीवर निजला होता काय, त्याच्या पापण्या मिटत होत्या काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्याचे उत्तर मिळाले, तर त्याच घरातील उरलेली माणसे निदान खाटेवर निजू लागतील व मच्छरदाणी गादीखाली खोचू लागतील.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून, सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू कळविणे बंधनकारक करावे असे सुचविले. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. निम्मे झाले की नाही हे सांगण्यासाठी आधी एकंदर किती होते हे गावोगाव लिहिले जाणे आवश्यक आहे.

नोंदीतून उपाय कसा निघतो

कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले, दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होते. दंश झालेल्या रुग्णाजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची बारकाईने टिपणे ठेवली. त्या टिपणांवरून दिसून आले की, गंभीर रुग्णाचे हृदय दुबळे होऊन फुप्फुसांत पाणी भरते व त्याने मृत्यू येतो. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो असे त्यांनी दाखवून दिले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापर्यंत उतरले. त्यांची निरीक्षणे १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण दवाखान्यात प्रत्येक रुग्णाची नेमकी नोंद ठेवल्याने केवढे कार्य होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीतही तसेच घडले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. एका गावापुरते पाहिले तर तो एखाद-दुसरा दुर्दैवी प्रसंग होता. संकटाचा खरा आकार जिल्ह्याची बेरीज झाल्यावर दिसला. शेजारच्या श्रीलंकेत आत्महत्यांचे प्रमाण एके काळी जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. तेथे कोणत्या कीटकनाशकाने मृत्यू होतात हे तपासून १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी घालण्यात आली. २०१५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले, आणि पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे आढळले नाही. नोंदीत नुसते ‘विष’ असते तर कोणते विष बाजारातून काढावे हे कोणाला ठरविता आले नसते.

म्हणून विषबाधेच्या प्रत्येक प्रसंगी कीटकनाशकाचे छापील नाव आणि डब्यावरील त्रिकोणाचा रंग, म्हणजे लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे लिहून ठेवावे. डबा किंवा पाकीट फेकून न देता रुग्णाबरोबर दवाखान्यात पाठवावे. त्याचा उपचारासही तितकाच उपयोग होतो.

कायद्याने ठरविलेला क्रम

अपमृत्यू घडल्यावर गावातील माणसे दोन टोकांस जातात. कोणी पोलिसांच्या भीतीने घाईने अंत्यविधी उरकतात. कोणी गर्दी करून जागा तुडवितात. योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम जीव वाचविण्याचा प्रयत्न करावा. श्वास चालू असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. विजेचा धक्का बसलेल्या माणसास हात लावण्यापूर्वी प्रवाह बंद करावा. सर्पदंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नये. जखम कापू नये, करकचून बांधू नये, आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

मृत्यू झाला असल्यास पोलीस पाटलास तत्काळ कळवावे. गावातील अकस्मात अथवा अनैसर्गिक मृत्यूची खबर पोलीस ठाण्यास देणे हे त्याचे कर्तव्य आहे. प्रेत, कपडे, दोर, हत्यार, विषाचा डबा, तुटलेली तार हे सर्व आहे त्या स्थितीत राहू द्यावे. तारेचा प्रवाह मात्र बंद करून घ्यावा. पोलीस अधिकारी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो. तीत अंगावरील जखमा, व्रण, अस्थिभंग व त्यांचे दिसणारे कारण लिहिले जाते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हा अहवाल चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जावा लागतो. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर प्रेत शवविच्छेदनासाठी पाठविले जाते. विवाहास सात वर्षे झालेली नाहीत अशा स्त्रीने आत्महत्या केली असेल, किंवा तिच्या मृत्यूत घातपाताचा वाजवी संशय असेल, तर दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. पंच म्हणून सही करणाऱ्याने पंचनामा वाचून, न वाचता येत असल्यास वाचवून घेऊन, मगच सही करावी.

यानंतर मृत्यूची नोंद होते. मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाकडे एकवीस दिवसांच्या आत खबर द्यावी लागते. एकवीस दिवसांनंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते; त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. रुग्णाची शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यावयाचा असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावातील माणूस जिल्ह्याच्या रुग्णालयात दगावला तर त्याची नोंद शहरात होते. अपघात गावच्या शिवारात घडलेला असतो, पण गावच्या नोंदवहीत त्याचा मागमूस राहात नाही. या कारणाने केवळ नोंदवही पाहून ‘आमच्या गावात यंदा अपघाती मृत्यू नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

लाज, लोभ व सत्य

अपमृत्यूची खरी हकीकत लिहिण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक लाज व दुसरी लोभ.

आत्महत्येची नोंद झाली तर घराण्यास बट्टा लागेल, मुलींची लग्ने अडतील, ही भीती मोठी असते. तिच्यावर कायद्यानेच तोड काढलेली आहे. मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा किंवा दाखला दिला जातो त्यात मृत्यूचे कारण लिहावयाचे नाही, असे १९६९ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. कारण केवळ आकडेवारीसाठी वर जाते. ग्रामसेवकाने ही गोष्ट कुटुंबास समजावून सांगावी, आणि कोणाचे कारण चावडीवर चर्चेस येऊ देऊ नये. जो विश्वास राखतो त्यालाच खरे कळते.

लोभाची बाजू नाजूक आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५ वर्षे, अपघाताने मृत्यू पावल्यास वारसांस २ लाख रुपये देण्याची तीत तरतूद करण्यात आली. विजेचा धक्का, आकाशातील वीज, सर्पदंश, विंचूदंश, बुडणे, विषबाधा, उंचावरून पडणे, जनावरांचा हल्ला, खून हे प्रसंग तीत येतात; नैसर्गिक मृत्यू व आत्महत्या येत नाहीत. अर्जाची मुदत, कागदपत्रे व चालू अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात. शोकाच्या दिवसांत मुदत सहज निघून जाते. म्हणून खबर मिळताच ग्रामसेवकाने त्या कुटुंबास आठवण करून द्यावी.

या तरतुदीमुळे कोणी आत्महत्येस अपघात म्हणवून घेऊ पाहतो. पण पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि जबाब यांचा मेळ बसला नाही म्हणजे दावा तर बुडतोच, शिवाय खऱ्या अपघाताच्या दावेदारावरही संशय येतो. कर्जबाजारीपणामुळे झालेल्या शेतकरी आत्महत्येसाठी शासनाची मदत निराळ्या चौकशीने ठरते. तिच्यासाठी असत्याची गरज नाही. उलट, प्रत्येक आत्महत्येस अपघाताचे रूप दिले गेले तर गावात निराशा किती साचली आहे हे कधीच दिसणार नाही, आणि जिवंत माणसाकडे वेळीच कोणी जाणार नाही. ज्याचे मन खचले आहे त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशक कुलपात ठेवावे, आणि टेलिमानस या शासकीय साहाय्यसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलण्यास त्याला मदत करावी.

घातपाताचे प्रकार याहून कठीण. ‘स्वयंपाक करताना पदर पेटला’, ‘पाणी भरताना पाय घसरला’, ही वाक्ये पुष्कळदा खरी असतात, पण नेहमीच खरी असतात असे नाही. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या प्रवाहाने मजूर मेला असता तो ‘चक्कर येऊन पडला’ असे सांगण्याचा मोह होऊ शकतो. ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील न्यायाधीश नव्हे. त्याने कोणावर आरोप लिहू नये, त्याचप्रमाणे कोणाला निर्दोषही ठरवू नये. कारण ठरलेले नसेल तेथे ‘तपास चालू’ असे लिहिणे हेच योग्य. वैद्यकीय दाखल्यातही नैसर्गिक, अपघात, आत्महत्या व मनुष्यवध यांखेरीज ‘तपास प्रलंबित’ असा पर्याय असतो. मृत माणसास आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीने जे काही बोलावयाचे ते त्या कागदाने बोलावयाचे असते.

गावाची सुरक्षितता वही

सरकारी नोंदवहीत फाजील मजकूर लिहिता येत नाही, व गावाबाहेर घडलेला मृत्यू तीत येत नाही. यास्तव ग्रामपंचायतीने एक साधी शंभर पानी वही स्वतंत्र ठेवावी. तिला कायदेशीर पुराव्याचे स्वरूप नाही, आणि तीत मृताचे नाव लिहिण्याचेही कारण नाही. ग्रामसेवक, पोलीस पाटील व आशा कार्यकर्ती यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून ती पुरी करावी. मृत्यूच नव्हे तर थोडक्यात टळलेले प्रसंगही तीत घ्यावेत. प्रत्येक प्रसंगास पुढील आठ प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. दिवस, महिना व घटनेची वेळ.
२. शिवारातील नेमकी जागा.
३. व्यक्तीचे वय, स्त्री किंवा पुरुष, आणि ती कोणते काम करीत होती.
४. इजा कोणत्या वस्तूने, यंत्राने, विषाने किंवा प्राण्याने झाली.
५. त्या वेळी उजेड, पादत्राण, हातमोजे, कठडा, दोर यांपैकी काय होते व काय नव्हते.
६. प्रथम मदत कोणी केली व काय केली.
७. दवाखान्यात पोचण्यास किती वेळ लागला, व तो कोठे गेला.
८. कोणती एक गोष्ट वेगळी असती तर हा प्रसंग टळला असता.

नमुन्यादाखल दोन नोंदी तुलनेसाठी घ्याव्यात. पहिली : ‘बुडून मृत्यू.’ दुसरी : ‘मे महिना, दुपारी दोनचा सुमार. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे. बारा वर्षांचा मुलगा तहान लागली म्हणून बाटली भरण्यास वाकला. अस्तर निसरडे असल्याने चढून येता आले नाही. तळ्याभोवती कुंपण नव्हते. काठावर बांधलेला दोर नव्हता. जवळच्या वस्तीवरून माणसे येईपर्यंत वीस मिनिटे गेली. गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला असता तर मुलगा वर आला असता.’ पहिली नोंद वाचून हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसरी नोंद वाचणारा शेतकरी त्याच दिवशी आपल्या तळ्यावर दोर बांधतो.

आणखी एक उदाहरण. पहिली नोंद : ‘शॉक लागून.’ दुसरी : ‘जानेवारी, रात्री अकरा. गव्हास पाणी देण्यासाठी शेतकरी अनवाणी, ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडण्यास गेला. पेटी लोखंडी, अर्थिंगची तार तुटलेली. टॉर्च नव्हता.’ या चार ओळींतून पादत्राण, टॉर्च, कोरडे लाकडी पाट व अर्थिंगची तपासणी अशी चार कामे आपोआप निघतात, आणि रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळेविषयी वीज कंपनीकडे मागणी करण्यास गावाच्या हाती आधारही येतो.

वहीचे वाचन

वही लिहून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग नाही. १ मे रोजी होणाऱ्या ग्रामसभेत, म्हणजे मृग नक्षत्राच्या आधी, गेल्या वर्षाची वही नावे न घेता वाचून दाखवावी. प्रत्येक जागेसाठी एक काम, एक माणूस व एक तारीख ठरवावी. कठडा नसलेली विहीर कोणाची व कठडा केव्हा होणार. लोंबती तार कोणत्या खांबाची व अर्ज कोण देणार. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या केंद्रात आहे व रात्री तेथे वाहन कोण नेणार. फवारणीसाठी हातमोजे व मुखपट्टी कोणाकोणाकडे नाहीत. पुढील वर्षीच्या सभेत प्रथम या कामांचा जाब घ्यावा व मग नवी वही वाचावी.

एका गावात वर्षास असे प्रसंग फार थोडे घडतात, म्हणून एका वर्षात काही सिद्ध होत नाही असे वाटेल. परंतु पाच वर्षांची वही समोर ठेवली की, त्याच वळणावर, त्याच महिन्यात, त्याच कामात माणसे जातात हे दिसू लागते. शेजारच्या दहा गावांच्या वह्या तालुक्याला एकत्र आल्या की हे चित्र अधिक स्पष्ट होते. नशिबाला वळण नसते; या मृत्यूंना ते असते. त्या वळणावर उभे राहून पुढच्या माणसास अडविता यावे, याचसाठी ही नोंद ठेवावयाची.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत गावातील किती माणसांचा अपमृत्यू झाला? त्यांपैकी किती नोंदी गावच्या नोंदवहीत आहेत व किती बाहेरगावी झाल्या?
२. ‘वीज’, ‘औषध’ व ‘जनावर’ या शब्दांऐवजी नोंदीत कोणते शब्द वापरावेत?
३. पावसाळ्यात पहाटे अकस्मात दगावलेल्या निरोगी माणसाच्या घरी कोणते प्रश्न विचारावेत?
४. मृत्यूच्या दाखल्यात कारण लिहिले जात नाही, हे गावातील किती कुटुंबांना ठाऊक आहे?
५. गावातील कोणत्या जागी आजच दोर, कठडा, कुंपण किंवा दिवा लावता येईल, आणि ते काम कोण करणार?